जेवायला कुठे

बाब बूजलूदच्या निळ्या कमानीखाली
सहा वाजल्यापासून मी उभा असतो,
छातीशी जाडजूड मेनूकार्ड, पाठीशी जिना,
जिन्यावर गच्ची,
गच्चीवर चंद्राचे दहा दिर्हम जास्त.

फ्रेंचांना फ्रेंचमध्ये, स्पॅनिशांना स्पॅनिशमध्ये,
जपानी जोडप्याला कमरेत वाकून
मी म्हणतो, या, बसा,
लिंबू घातलेली कोंबडी, आलुबुखाराचं मटण,
आमच्याकडे कुणाचं पोट बिघडत नाही.
सात भाषा येतात मला. सातही जेवणापुरत्या.
आठवीत शाळा सुटली,
पण 'वाफाळतं' हा शब्द मी कोरियनमध्ये बिनचूक म्हणतो.

काल थंडी होती. गिऱ्हाईक तुरळक.
खोकी वाहणारं गाढव गेलं, त्यामागून एक म्हातारा,
तपकिरी लोकरीचा जेलाबा, टोपी कानांवर,
काखेत एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा,
दुमडू नये म्हणून हात अवघडलेला.
माझ्याचसमोर थांबला आणि म्हणाला,
"लेका, इथे जेवायला कुठे?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली.
दारिजामध्ये ते वाक्य मी कधी पाठच केलं नव्हतं.
कोणत्या तोंडाने कार्ड पुढे करायचं,
जिथे एका तंगडीचा भाव
त्याच्या परतीच्या बसभाड्याएवढा?

मालक गल्ल्यावरून बघत होता.
मी आवाज खाली आणला.
"काका, इथे नाही.
सरळ उतरा. चपलांची दुकानं संपली की
तांब्यावरचे हातोडे ऐकू येतील.
आता बंद झाले असतील, म्हणजे येणार नाहीत,
तरी तिथूनच डावीकडे.
भिंत ओली लागेल, ती हम्मामची. हात टेकवा, ऊब घ्या.
मग पायऱ्या. मधली एक तुटलीये, मोजू नका, चाचपा.
खाली दिवा. पाटी नाही.
ओट्यात तिरका बसवलेला काळा हंडा,
हंड्यामागे बूश्ता, कायम चिडलेला.
त्याच्याकडची बिस्सारा घ्या,
सुक्या बाकल्याचं दाट कढण, वर तेल, जिरं.
भाकर मोडायला दोन्ही हात लागतील,
लिफाफा त्याच्याकडे द्या, कोरड्यात ठेवील."

म्हाताऱ्याने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं,
तुटक्या पायरीसकट,
आणि गेला.

बाराला जिना बंद झाला.
मीही तिथेच जेवतो, गेली एकोणीस वर्षं.
गच्चीवरचं मी फक्त तोंडाने वाढतो.

खाली उतरलो तर बूश्ता डाव आपटत होता.
"कसली माणसं धाडतोस रे?
पहिला घोट घेतला आणि म्हणाला,
बाकला गेल्या सालचा आहे.
मी म्हटलं, तुला काय कळतंय?
तर खिशातून मूठ काढून ओट्यावर ओतली,
स्वतःच्या रानातला, तावनातकडचा.
म्हणे, बायको इस्पितळात आहे, तिथलं तिला गिळवत नाही.
हा भिजत घाल, उद्या तिच्यापुरता कर.
कर म्हणाला! मला! मी काय त्याचा..."

उरलेलं वाक्य त्याने हंड्यात सोडलं आणि ढवळलं.
मागे, पालथ्या वाडग्यांच्या शेजारी
चहाच्या दोन पेल्यांत, पाण्याखाली
दाणे फुगत होते.

मी काही बोललो नाही. वाडगा पुढे केला.
त्याने तेल जरा जास्तच ओतलं.
तरी खरं सांगायचं, तर
चव थोडी जुनाट होती.