बेळ्ळीचे एकवीस दिवस

फरशीवर आधी एक थेंब दिसला,
मग मागाखाली दोन.
वाटलं, पायात काच गेली असेल.
चारही पंजे उलटे करून पाहिले,
बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारली.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली
आणि मग मागं वळून स्वतःलाच चाटू लागली.
तेव्हा कुठं कळलं.

बेळ्ळी आठ महिन्यांची.
नाव शेजारच्या निलव्वानं ठेवलं, कानडीत चांदी.
रंगानं मात्र चुलीतली राख,
आणि एक कान सुताच्या गाठीसारखा दुमडलेला.

हुबळीला फोन लावला.
वैजू ड्यूटीवर होती, तरी उचलला.
"अप्पा, आजची तारीख लिहा. एकवीस दिवस
मोकळी सोडायची नाही.
नवव्यापासून पंधराव्यापर्यंत तर
नळावर जातानाही दार लावून जायचं.
आणि कोण म्हणालं, एक वेत होऊ दे, चांगलं असतं,
तर ऐकू नका. हाडं भरली नाहीत अजून तिची."
सगळं एका दमात, वॉर्डातल्या आवाजात.
मी सुताच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.

वडगावात गल्ली अशी,
की खोकलं तरी चौथ्या घरी कळतं.
पाचव्या दिवशी येळ्ळूर रोडवरनं मंडळी आली.
तुटक्या शेपटीचा, मटणाच्या दुकानातला लाल,
आणि एक म्हातारा, चालवतही नव्हतं बिचाऱ्याला,
पायरीशी येऊन बसला
पेन्शनच्या रांगेत बसल्यासारखा.
समोरचा इराप्पा म्हणाला, "काय मामा, मांडव घालायचा काय?"
मी हसलो नाही.
पाण्यानं भरलेली बादली दाराशी ठेवली.

माग बंद ठेवून भागत नाही,
आणि खडखडाट तिला सोसवेना.
आतल्या खोलीत, जोंधळ्याच्या डब्यामागं,
जुन्या चादरीची जागा केली.
जेवेना. भातात अंडं कुस्करलं, हातानं भरवलं.
साड्यांच्या राहिलेल्या तुकड्यांतनं सुती तेवढे निवडले,
पॉलिस्टर टोचतं.
कोमट पाणी. पुसायचं, घासायचं नाही.
साबण नको, डेटॉल तर नकोच.
हेही बिलावर होतं, दोनदा अधोरेखित.

मग एक चिंधी धुताना
पाणी गुलाबी झालं आणि हात थांबला.

सोळा वर्षं झाली. वैजूची आई तेव्हा गेलेली.
तेरा वर्षांची पोर याच दारात
परकर मुठीत धरून उभी होती,
आणि मी म्हणालो, "जा, निलव्वाकडं जा."
एवढंच.
तोंड मागाकडं फिरवलं,
न तुटलेला धागा जोडत बसलो.
चार दिवस ती तिकडंच जेवली.
पाचव्या दिवशी शाळेला गेली, डबा घेऊन,
जसं काही झालंच नव्हतं.

अकराव्या रात्री बेळ्ळीनं दार ओरबाडलं,
आतनं ती, बाहेरनं ते.
मी दाराला पाठ लावून बसलो.
ती दमून मांडीवर आली.
पोटाखाली हात ठेवला, गरम होतं.
"दुखतंय काय गं?"
घरात कोण नव्हतं, म्हणून विचारता आलं.

बाविसाव्या दिवशी सरकारी दवाखाना.
डॉक्टर पट्टणशेट्टींनी शेपटी उचलून पाहिली, मान हलवली.
दोन महिने लक्ष ठेवा, म्हणाले,
पाणी जास्त प्यायला लागली, पू दिसला,
तर मध्यरात्र असली तरी घेऊन या.
नाहीतर मग ऑपरेशनची तारीख देतो.
मी खिशातनं बिल काढलं, एकवीस खुणा,
जेवली, नाही जेवली, सगळं.
त्यांनी चष्मा वर केला. कानडीत विचारलं,
एवढं कोण शिकवलं?
"मगळु," मी म्हणालो.
लेक.

परत येताना ती साखळी ताणत चालली.
पायरीवर तेवढा म्हातारा उरलेला.
तिनं हुंगलंही नाही.
त्यालाही थोडा भात घातला,
आणि बिल वैजूच्या जुन्या वहीत ठेवलं.
फोन रात्री करीन. काय बोलायचं,
तेवढं अजून लिहून घेतलेलं नाही.