दिवा आधी

कूपन दोघांचं होतं, एका रात्रीचं, ऑफिसनं दिलेलं.
दुसरं माणूस म्हणून मी आप्पांना आणलं.

सांगलीतून रिक्षानं अर्धा तास,
हरिपूर सोडून वारणा कृष्णेला मिळते तिथून थोडं अलीकडे
लोखंडी खांबांवर उभी लाकडी खोली.
एका खांबावर पिवळ्या रंगाची रेघ,
पाणी कुठवर आलं होतं ते सांगणारी.
आप्पांनी टाचा उंचावून हात लावायला बघितलं.
पुरला नाही.
"खोटं न्हाई," म्हणाले आणि जिना चढले.

पलंगावर टॉवेलाचे दोन हंस होते.
आप्पांनी माना सोडवल्या,
चार पदरी घड्या घालून उशाशी ठेवल्या.
काचेची भिंत बघितली, भिंतीपलीकडची नदी बघितली,
मग विचारलं, "ह्याला कडी कुठाय?"

संध्याकाळी इलाही आला, सौना दाखवायला.
जाळीत रचलेली काळी दगडं, लाकडी बादली,
लांब दांड्याचा डाव.
मॅडम, दहा मिनिटं बसा. काकांना आठच.
आप्पा उंबऱ्याशीच थांबले.
आत वाकले. श्वास ओढला, पुन्हा ओढला.
"दिवा आण."
लाइट आहे की काका आत.
"उजेडासाठी न्हाई रे."

इलाहीला कुठून कळणार.
त्याच्या जन्माच्या आसपासच बुजली
हरिपुरातली हळदीची पेवं, पुराचं पाणी शिरून.
आता त्यावर प्लॉट पडलेत.
माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड
आणि खाली रांजणासारखं पोट, खोल, कोरडं, पिवळं.
आप्पा तेरा वर्षं त्यात उतरत होते.
झाकण काढायचं, थांबायचं.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर काठावर बसून अजून एक बिडी.

एके दिवशी कंदील सोडायचा राहिला.
घाई होती, ट्रक भरायचा होता, असलंच काहीतरी.
एवढंच मला ठाऊक, तेही आईकडून.
दर दिवाळीला एक लुगडं मिरजेला जायचं,
भूपालच्या बायकोला,
आणि कुठल्या पैशातनं, हे आईनं कधी विचारलं नाही.

बाथरूममध्ये वासाची मेणबत्ती होती, काचेच्या वाटीत.
नियमात बसत नाही मॅडम, म्हणत
इलाहीनंच काडी ओढली.
खालच्या फळीवर ठेवली.
तिघं दारात उभे, बघत.
मेण भराभर पातळ झालं
पण ज्योत सरळ होती, जरासुद्धा हलली नाही.
आप्पा ओठांत काही मोजत होते.
"जमतंय. आधी मी."

बंडी अन् पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर
ते बसले, गुडघ्यावर हात ठेवून,
फोटो काढायला बसतात तसे.
मी दगडांवर पाणी टाकलं.
चर्र झालं, वाफ छताला लागून परत अंगावर उतरली.
आप्पांच्या मानेवरनं, छातीवरनं धारा लागल्या
आणि मी वेड्यासारखी बघत राहिले
घाम पिवळा येतो का.
साधाच होता, सगळ्यांसारखा.

"ऊब तीच," बऱ्याच वेळानं म्हणाले. "वास न्हाई."

आठव्या मिनिटाला इलाहीनं दार वाजवलं.
मी त्यांना हात दिला, त्यांनी घेतला नाही.
"उतरताना मी आधी. वर जाताना तू."
वर कुठे जायचं होतं, सपाट तर जमीन.
तरी मी आधी बाहेर पडले,
आणि मागून ते,
मेणबत्तीची वाटी तळहातावर घेऊन, बिनचटक्याचे.

बाहेर अंधार पडलेला. पलीकडच्या काठाला
कुणाची तरी मोटर चालू होती.
आप्पांच्या खांद्यांतून वाफ निघत होती,
गार हवेत, सावकाश.
वाटी त्यांनी कठड्यावर ठेवली, विझवली नाही.

नदीकडे तोंड करून, मला नाही, कुणालाच नाही,
म्हणाले,
"भूपाल पोहायला लई चांगला होता."