काठ कुठाय?

श्रीहरी मेरगूनं ते पान बनवलं तेव्हा
त्याला स्वतःलाच सांगता येईना ते काय आहे.
साखर पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून म्हणाला,
पांढरी जागा आहे, अक्का. खणाखणांची. संपत नाही.
कुणीही यायचं, कुठंही टाइप करायचं.
नाव नको, पासवर्ड नको.
आणि दुसऱ्याचं पुसता येतं?
येतं की.
मग झालं कल्याण, म्हणाले मी.

इंग्रजी लगेच बसली, एका खणात एक.
मराठीनं तीन आठवडे घेतले.
वेलांटी शेजारच्या खणात डोकवायची,
आणि 'त्र्य'ला ठेवायचं कुठं?
रोज रात्री शटर अर्धं ओढून मी त्याला सांगायचे
रफार कुणाच्या डोक्यावर, उकार कुणाच्या पायाशी.
पैसे घेतले नाहीत. शेंगाचटणीची पुडी घेतली, दोनदा.

आधी आली कॉलेजची पोरं, शिव्या घेऊन.
मग कुणीतरी खाली, बरंच खाली, लिहिलं:
भवानी पेठ, पाणी आलं का?
उत्तर तेलुगूत, नीळ्ळु रालेदु.
त्याखाली कन्नडमध्ये, बहुतेक तेच.
चौथ्या दिवशी तिन्ही ओळींखाली एकच शब्द: आलं.
ती जागा मग नळाचीच झाली.
विडी घरकुलातली कुणी टिंबाटिंबांचा मोर काढायची,
हजार विड्या वळून झाल्या की एक पीस.
वरच्या अंगाला एक जण मेलेल्या भावाला हिशेब द्यायचा:
आज मोटर दुरुस्त केली. आज तुझी गाडी विकली.
त्याच्या चारी बाजूंनी लोक जागा सोडून लिहीत.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

श्रीहरीचे वडील राजेशम.
चाळीस वर्षं मागावर, माग आता भंगारात,
एक कान त्याच खडखडाटात गेलेला.
त्यांना पडद्यासमोर बसवलं.
बाणाची कळ दाबत गेले उजवीकडं, उजवीकडं,
मग बोट उचलून म्हणाले,
काठ कुठाय?
काठ नाही, नाना.
काठ नाही तर उसवणार की बे.

उसवलं. मार्चमध्ये, परीक्षांच्या दिवसांत,
रात्री अडीचला कुणीतरी यंत्र सोडलं.
सकाळी जिकडंतिकडं एकच अक्षर: ढ.
लाखो ढ. मोरावर, नळावर, भावावर.

श्रीहरीकडं आदल्या रात्रीची प्रत होती.
एक कळ दाबायची, बस.
तो येऊन पंख्याखाली उभा राहिला,
शर्ट पाठीला चिकटलेला.
मी परत आणलं, अक्का, तर ते माझं होईल.
मी चिडले. तो माणूस कुठून आणणार रे सगळं परत?
चहा तसाच ठेवून गेला.
मला अजून पटलेलं नाही त्याचं.

दुपारी कुणीतरी एका ढपुढं ग लिहिला.
चाळीस अंशात, ढग.
मग ढाल, ढोल, ढेकूण, ढोबळी मिरची,
पोरं हसत सुटली असणार कुठंकुठं.
संध्याकाळी मोराचे पाय आले, या वेळी पायापासून.
नळ रात्री.
भावाला लिहिणारा आला नाही.
त्याच्या जागेवरचे ढ कुणीतरी पुसून ठेवलेत,
पांढरा चौकोन आहे तिथं, अजून.

राजेशम आता रोज जेवण झालं की
उजवीकडं निघतात. काठ बघायला.
काल, जिथं कुणी गेलेलं नसणार इतक्या लांब,
त्यांना पाय मोडका एक क् सापडला.
मला फोन केला.
हे अर्धं कुणाचं?
माहीत नाही, म्हटलं.
पुसू?
नको हो.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता पंखा,
आणि एकदा, कळ दाबल्याचा आवाज.