समुद्राचं रीळ

मंगळवार बाजार संपतो तिथं
दस्तगीर ताडपत्रीवर लोखंड मांडतो :
लूमची दातेरी चाकं, पंख्याची पाती, दांडा नसलेले हातोडे.
त्यांत ते पडलेलं, तेलकट, काळं, नारळाएवढं.
"कांडी मशीनचा पार्ट आहे, मामा."
चौतीस वर्षं मी कांड्या भरल्या.
कांडी मशीनला असला पार्ट नसतो.
पण गप्प बसलो.

वजनावर दिलं त्यानं.
काटा साडेसातशेवर, तो म्हणाला आठशे धरू,
मी म्हणालो सातशे.
चाळीसच्या भावानं अठ्ठावीस रुपये.
तिसाच्या वरचे दोन सुटे नव्हते त्याच्याकडं,
म्हणून एक गंजका नट दिला.

तीन संध्याकाळी जुना टूथब्रश घेऊन बसलो.
चौथ्या दिवशी मूठ फिरली,
आतून बारीक टिकटिक आली, रातकिड्यासारखी.
विड्या वळता वळता राजमणीनं मान वर केली.
"एंदुकु?"
एवढंच. कशाला.
मला तेव्हा सांगता आलं नाही.

हिप्परग्याच्या तलावावर तुळशीराम भोई
ते हातात घेऊन खूप वेळ उलटंपालटं करत राहिला.
"हे समुद्राचं आहे," म्हणाला.
"कोकणात खडकावर उभं राहून फेकतात, सुरमई ओढतात यानं.
आपल्या पाण्यात चिलापी. तळहाताएवढी.
सुईत चऱ्हाट ओवणार का तुम्ही?"

मग घरातल्या प्रत्येकाला कल्पना सुचली.
जावई : मोबाईलवर फोटो टाका, दोन हजाराला जाईल.
नातू : मांजा भरू.
राजमणी : गॅलरीत लाव, कपडे वाळत घालायची दोरी
ओढून घेता तरी येईल.
तिचं म्हणणं मला खरंच पटलं होतं.
एक रात्र खिळासुद्धा शोधला.

पण त्याच्या पुढच्या बाजूला एक फिरकी आहे.
ती घट्ट केली की दोर सुटत नाही,
सैल केली की ओढ लागताच रीळ आपणहून दोर सोडतं,
टिकटिकत, हिशोबानं,
तुटायच्या आत.
लूमवर असं नव्हतं.
तिथं धागा आधी तुटायचा,
मग मशीन थांबायचं,
मग मालक यायचा.
मी ती फिरकी कितीदा फिरवली असेल कोण जाणे.
खिळा परत डब्यात टाकला.

अडचण पोटाची होती.
एवढं मोठं पोट भरायचं तर
नायलॉन दोर हजार रुपयांचा लागतो.
तुळशीरामच म्हणाला, खाली काहीतरी भरा,
वर चिलापीपुरता बारीक दोर घ्या.
काहीतरी म्हणजे काय, ते तो बोलला नाही.

माळ्यावर शेवटच्या बीमचं सूत होतं,
चादरीच्या काठाचं, लाल.
लूम विकली त्या दिवशी कोन पिशवीत घालून आणला होता,
कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.
ते भरलं. हळूहळू, एकावर एक न चढवता,
जशी कांडी भरतात तशी.
भिजलं तर कुजेल, मला माहीत आहे.
पण चिलापी तिथवर नेणार नाही.

सूत आणि नायलॉन जोडताना
माझी गाठ तीनदा निसटली. माझी! गाठ!
राजमणीनं सुपातनं हात काढला, तंबाखूनं पिवळा,
दोर तोंडात धरून ओला केला,
काय केलं ते दिसलंही नाही,
आणि परत पानं कातरायला लागली.

आता रविवारी सहाच्या एसटीनं जातो.
गळाला कणीक, कधी शेंगापेंड.
आतापर्यंत सात चिलापी, एक खेकडा, एक चप्पल.
तुळशीराम लांबून ओरडतो, "सुरमई लागली का?"
मी मूठ फिरवतो.

संध्याकाळी ती विचारते,
"लाल दिसलं?"
मी म्हणतो, अजून नाही.
फिरकी थोडी सैलच ठेवली आहे.