भ गण

शुक्रवारी दुपारी लाइट गेली, चारला आली.
फ्रिज बोलला, वरचा पंखा बोलला,
हा नाही.
म्हणजे आतलं पातं फिरतं, हिरवा दिवाही लागतो,
पण पडदा काळा,
आणि पोटातून एक आवाज, लांब.
थांबून पुन्हा लांब.
पुन्हा.

इम्तियाज दळवी तुर्भ्याला असतो.
आता मोबाइलच्या काचा बसवतो, पण माझा फोन उचलतो.
"वाजतोय ना काकू? मग जिवंत आहे.
मेलेला मुका असतो. कसा वाजतो सांगा."
"गा गा गा," मी म्हटलं.
"काय?"
"सगळे गुरू. लघु एकही नाही."
पेणच्या शाळेत रिसबूड बाई
डस्टरनं टेबलावर ठोकून वृत्तं शिकवायच्या.
खडू उडायचा. कान तयार झाले ते कायमचे.
"मग रॅम," इम्तियाज म्हणाला. "पिन काढा, नळाला हात लावा,
अंगातली वीज जाऊ द्या, मग उघडा."

शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं उघडला.
ऐरोलीची अठरा वर्षं आत बसली होती:
रबाळ्याची काजळी, पापडाचं पीठ,
पालीची दोन रिकामी अंडी,
पंख्याच्या आसाला गुंडाळलेला
माझाच एक केस. काळा.

नातवाच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं,
आणि रॅमचे सोनेरी दात घासत बसले.

घरात लॅपटॉप आहे. जावयानं दिलेला, पातळ, शहाणा.
त्यावर माझ्या पत्रिका उघडतात
पण 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी
पौंडाची चिन्हं येतात, उलटी प्रश्नचिन्हं,
टोप्या घातलेले इंग्रजी ए.
माझे टंक फक्त याला कळतात.
आणि दिव्याच्या केण्यांना पत्रिका हवी आहे सोमवारी,
हळदीला तेरा दिवस उरलेत.

धाकटीचं लग्न. सांगायला थोरली आली होती, हर्षाली,
जिची पत्रिका याच्यावरच केली होती मी,
आणि जी दोन वर्षांत परत आली माहेरी.
आता पतपेढीत असते. चहा घेतला, बिस्किट नाही घेतलं.
"बॉर्डर तीच ठेवा," म्हणाली,
"कोपऱ्यातला मोरसुद्धा.
मोराचं काही चुकलं नव्हतं."

रॅम बसवली. खटका ऐकला. बटण दाबलं.
एक लांब. दोन आखूड.
"भ गण!" मी ओरडले. "यमाताराजभानस, भा-न-स!
इम्तियाज, गुरू लघु लघु!"
"एक लांब दोन आखूड? मग डिस्प्ले कार्ड, काकू.
काढून परत दाबून बसवा.
तुमच्या बाई हार्डवेअरच्याच होत्या की काय?"

कार्ड निघेना. मागं एक चाप असतो,
तो कुणी सांगत नाही, नखाला कळतो.
नख गेलं.
फुंकलं, घासलं, दाबलं,
हे चौथ्यांदा, तोवर साडेसात झाले होते
आणि भात करपला होता.

मग एकच.
आखूड.
पुढं काही नाही, मी श्वास धरून मोजत होते,
ल.
आणि काळ्यावर पांढरी अक्षरं:
एक जानेवारी दोन हजार तीन, असं त्याचं म्हणणं.
घड्याळ चुकलंय, एफ वन दाबा.

'केणी फायनल फायनल दोन' उघडली.
मोर होता. पिसाऱ्याचा एक डोळा तेव्हाही जरा तिरका आला होता,
कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
मधोमध हर्षाली, शेजारी ते दुसरं नाव.
'चि. सौ. कां.' तसंच ठेवलं,
पुढचं एकेक अक्षर मागं घेतलं,
आधी काना-मात्रा निघतात, मग अक्षर.
'भाविका' लिहिलं.

इम्तियाजचा फोन चालूच होता.
"तीस रुपयांचा सेल येतो, बटणासारखा," तो सांगत होता,
"मंगळवारी आणून देतो.
तोवर बंद करू नका. केलात
तर सुरू करताना दर वेळी
आज कुठली तारीख आहे ते तुम्हीच सांगा त्याला."