रॅकेट

कोर्टाबाहेर, सीबीएसच्या वळणावर माझं टेबल.
बात्राबाईंचा अर्ज इंग्रजीत, मला मराठी करायचा:
तांबट आळीत पहाटे सहापासून रॅकेट चालतं,
झोप नाही, बंदोबस्त व्हावा.
मी तसंच उतरवलं. रॅकेट.
पेपरात रोज येतो की हा शब्द.

भद्रकालीहून दोघे गेले, साध्या वेशात.
सापडले नरहरी तांबट, वय एकाहत्तर,
घंगाळ मठारत बसलेले,
डावा कान केव्हाच गेलेला.
"माल कुठाय?"
त्यांनी घंगाळ उलटं करून दाखवलं.

संध्याकाळी तोच कागद घेऊन माझ्यासमोर.
डिक्शनरी उघडली तर खाली, तिसऱ्या ओळीत,
बॅडमिंटनच्या आणि टोळीच्याही मागे:
गोंगाट, कलकलाट, गलका.
मोठ्याने वाचलं, उजव्या कानाशी.

"कलकलाट पाखरांचा," ते म्हणाले,
"गलका भाजीबाजारात, नदीवर.
गोंगाट तुमच्या डीजेचा.
आमचा ठोका असतो.
एकाला लागून एक. चुकला की पोचा."

डिक्शनरीत ठोका नव्हता, निदान त्या पानावर.
मी नवा कागद चढवला,
त्या शब्दापुरती जागा सोडली,
बाईंना विचारून भरेन म्हणून,
आणि उरलेलं खटखट वाजवत गेलो.

ते मान कलती करून ऐकत उभे.
"बारीक काम आहे तुमचं," म्हणाले.
"पोचा मात्र लांब जाऊन पडतो."