जड झोका

नारी रोडला मनपा शाळेमागच्या मैदानात
पहिला झोका लावला तेव्हा एप्रिल होता,
लोखंडाला हात लागत नव्हता.
निखाडे वेल्डरने साखळ्यांना सुतळी गुंडाळली, म्हणाला,
पोट्टे काही ऐकनार नाही मॅडम, उन्हातच येतील.
आले.

वर आडव्या दांड्याला मी दातेरी चाक बसवलं होतं,
चाकाला चेन, चेनला डायनामो,
कुलूपबंद पेटीत बॅटरी.
प्रस्तावात होतं: एक मूल, एक तास, इतके वॅट.
तो आकडा मी तीनदा खोडला
आणि तिन्ही वेळा मोठाच लिहिला.

उत्तरेला कोराडीच्या चिमण्या दिसतात इथून.
वारा फिरला की वाळत घातलेल्या चादरीवर
बोटाने नाव लिहिता येतं.
मला वाटायचं, या मैदानाने
त्यांना एकदा तरी उलट उत्तर द्यावं.

आचल उके, इयत्ता चौथी, दोन वेण्या, रिबन एकच,
तीन हेलकाव्यांत उतरली.
"जड आहे हा."
मी ग्रीस लावलं.
"अजून बी जडच आहे.
मांगून कोनीतरी फ्रॉक धरून ठेवते."
मागे कुणी नव्हतं.
मागे मी होते.

त्या रात्री कूलरचं पाणी संपलं तरी उठले नाही.
आकाशातून पडते ती वीज वेगळी.
ही कुणाच्या तरी उंचीतून कापून घ्यावी लागते, वीतभर, वीतभर.
वर गेल्यावर पोटात गोळा येतो ना,
तो गोळाच मी वायरीने ओढून घेत होते.

वॉर्डाच्या साहेबांना लाल आकड्यांचा बोर्ड हवा होता.
चार दिवस लावला.
पोरं मान वाकडी करून त्याच्याकडे बघत झुलायची,
आणि सातवीतला एक दांडगा खाली उभा राहून ओरडायचा,
पन्नास झाल्याबिगर उतरायचं नाही बे!
पाचव्या दिवशी स्क्रू मीच काढले.

मग मे. शाळा बंद, मैदान चालू.
लिंबाखाली बसून, काहीच न सुचता,
मी झोक्याखालचा खड्डा पाहत होते.
प्रत्येक झोक्याखाली असतो. कुणी खणत नाही.
आई हाक मारते, धाकट्याची पाळी येते,
आणि पोरं चपला घासत थांबतात.
खर्र. खर्र.
एवढं सगळं मातीत चाललेलं,
आणि ते त्यांना नकोच असलेलं.

मोईनभाईच्या भंगारातून उसाच्या चरकाचा रूळ आणला,
चपलेला धरतील अशा खाचा होत्या त्याला.
दोन दिवस मुंग्या सुटेनात.
निखाडेने तो खड्ड्यात आडवा बसवला, डायनामो बाजूला पुरला,
वरचं चाक, दाते, चेन, सगळं उतरवलं.
"म्हनजे झुलन्याचं काहीच घ्यायचं नाही?"
नाही. थांबण्याचं घ्यायचं.
तो बराच वेळ पान्हा पुसत राहिला.
"हे बाकी हिशेबात बसते," म्हणाला.

चपला झिजतात, अशी तक्रार आली.
त्या आधीही झिजायच्या.

अहवालात एक रकाना आहे, एकूण निर्मिती.
मी लिहिलं: नळाजवळचा एक दिवा,
संध्याकाळी, बेचाळीस मिनिटं.
साहेब म्हणाले, बस, इतकंच?
हौ, म्हटलं. इतकंच.

काल सातला तो दिवा मिणमिणायला लागला.
रांगेत अजून तीन गुंड होते,
आचलच्या आईचा अर्धा भरलेला.
आचल पळत सुटली,
"थांब माय, एकदा थांबून येतो!"

आणि थांबायचं म्हणून
ती आधी इतकी उंच गेली
की कोराडीच्या चिमण्यांचे तांबडे दिवे
तिच्या चपलांखाली आले.